आजी सरची कोण लागते

प्रभाकरराव झाडे यांच्या घरात तीन जीव राहत होते आणि घरातलं सगळं बोलणं तिसऱ्या जिवामार्फत होत असे. तिसरा जीव म्हणजे चंपा. चंपा मांजर होती.

सकाळी रुख्माबाई गॅसपाशी उभ्या राहून खाली पाहत म्हणायच्या, "चंपे, चहा झाला म्हनाव. थंडा होऊन राह्यला." ओसरीवर पेपर वाचणारे प्रभाकरराव पेपर खाली न करता म्हणायचे, "चंपे, आलो म्हणावं." चंपा दोघांकडेही पाहायची नाही. चांगल्या दुभाष्यानं कोणाचीच बाजू घ्यायची नसते.

रुख्माबाई म्हणजे प्रभाकररावांच्या सासूबाई. वय पंचाहत्तरच्या आसपास. नक्की आकडा आधार कार्डावर आहे, पण तो कार्ड काढणाऱ्या पोरानं आपल्या मनानं टाकलेला. त्यांच्या घराण्यात सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर, आणि जे काय सांगायचं ते मधल्या माणसाला सांगायचं. कुंदा होती तोवर मधलं माणूस कुंदा. "आई विचारते, भाजीत तिखट जास्त झालं का," असं ती नवऱ्याला सांगायची, आणि आई दोन हातांवर बसलेली असायची. कुंदा गेली आणि मधली जागा रिकामी झाली. ती पुढे चंपाला मिळाली. अनुकंपा तत्त्वावर म्हणा हवं तर.

अकरा वर्षांपूर्वी कुंदाच्या आजारपणात रुख्माबाई सेलूहून पंधरा दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. एक कापडी पिशवी, तीत दोन लुगडी. पंधरा दिवसांची दोन वर्षं झाली. मग कुंदा गेली. तेराव्यापर्यंत तर राहायलाच हवं होतं. तेरावं झालं आणि पेरण्या आल्या, पेरण्या झाल्या आणि पोळा आला. जाते असं त्या म्हणाल्या नाहीत, राहा असं ते म्हणाले नाहीत. काही घरं पायावर उभी असतात. हे घर विषय न निघण्यावर उभं होतं. त्यालाही नऊ वर्षं झाली.

एवढ्या वर्षांत रुख्माबाई जावयाशी थेट बोलल्या त्या एकदाच, आणि एकच शब्द. कुंदा गेली त्या दिवशी प्रभाकरराव दवाखान्याच्या व्हरांड्यात दुपारपासून उभे होते. सगळं उरकलं, माणसं कागदपत्रांच्या मागे गेली, तरी ते उभेच. तेव्हा बाकावर बसलेल्या रुख्माबाईंनी मान वर केली, सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा."

ते बसले होते. नाही तर अजून उभे असते, असं त्यांना कधीकधी वाटे.

---

कोजागिरीला नऊ दिवस होते तेव्हा ओमप्रकाशचा नागपूरहून फोन आला. ओमप्रकाश रुख्माबाईंचा मुलगा, कुंदाचा धाकटा भाऊ. नवरा-बायको दोघंही नोकरीला, फ्लॅट चौथ्या मजल्यावर, लिफ्ट चालू असली तर चालू.

"भाऊजी, कोजागिरीले सुट्टी हाये. गाडी घेऊन येतो. मायले घेऊन जातो आता."

"का? काही झालं का?"

"झालं काहीच नाई. वर्ध्याले लग्नात गेलतो. तिथं पंगतीत चंद्रभानकाका म्हनते, काऊन रे, फ्लॅट घेतला म्हनते नागपूरले, मंग माय जवायाच्या दारात काऊन ठेवली? साऱ्या पंगतीनं मान वर केली, भाऊजी. मले जिलबी गिळता आली नाई."

"बरोबर आहे," प्रभाकरराव म्हणाले. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी प्रत्येक साहेबाला हेच वाक्य सांगितलं होतं आणि त्यामुळे त्यांची बदली फक्त चार वेळा झाली होती. पण या वेळी फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की काहीच बरोबर नाही.

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलेलं होतं. मग रुख्माबाईंचा आवाज आला. "चंपे, पोरगा न्यायले येते म्हनते. जा लागन."

आणि त्या थांबल्या. भांडं पुन्हा वाजायला जरा उशीर झाला. तेवढा वेळ प्रभाकररावांच्या वाट्याचा होता. नका जाऊ, एवढं म्हणायचं होतं. पण जावयानं सासूला कुठल्या नात्यानं थांबवायचं? तिचा मुलगा जिवंत आहे, कमावता आहे, गाडी घेऊन येतो आहे. आणि ज्या बाईमुळे ही बाई आपली सासू, ती बाईच नाही.

"चंपे," प्रभाकरराव म्हणाले, "बरं म्हणावं."

याहून मूर्ख वाक्य त्यांनी आयुष्यात उच्चारलं नव्हतं, आणि त्यांनी निवडणुकीच्या कामाची प्रशिक्षणं घेतली होती.

---

त्याच आठवड्यात तालुक्याहून शाळेत पत्र आलं. 'माझे कुटुंब' या विषयावर तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या स्वरचित कविता मागवण्यात येत आहेत, निवडक कवितांचं पुस्तक निघेल, कोजागिरीनंतरच्या सोमवारी कविता पोचल्या पाहिजेत. पत्राच्या कोपऱ्यात कुटुंबाचं चित्र होतं: आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी, मागे आजी-आजोबा. सगळ्यांचे दात दिसत होते.

प्रभाकरराव तालुक्यातले मुलांचे कवी होते. 'ढगाला खिसे दोन' हा त्यांचा संग्रह. दोनशे प्रती छापल्या, त्यांतल्या एकशे बेचाळीस अजून माळ्यावर होत्या आणि चंपाची दोन बाळंतपणं त्यांच्यावरच झाली होती. त्यामुळे पत्र मिळताच त्यांनी ते फळ्याशेजारी चिकटवलं, खडू उचलला आणि मुलांना अंदाज यावा म्हणून फळ्यावर एक नमुना लिहिला:

माझे घर छान छान,
आई माझी गुणांची खाण.
बाबा जाती ऑफिसला,
ताई शिकते कॉलेजला.
आजी देते गोड खाऊ,
घरात आम्ही बहीण-भाऊ.

"अशी प्रत्येकानं आपापली कविता लिहायची," ते म्हणाले, आणि हजेरी भरायला बसले.

अर्ध्या तासानं सतरा वह्या टेबलावर आल्या. सतरा वह्यांत सतरा घरं छान छान होती, सतरा आया गुणांच्या खाणी होत्या आणि सतरा बाप ऑफिसला गेलेले होते. बोरधरणाच्या रस्त्यावरच्या या गावात ऑफिस म्हणावं असं एकच, ग्रामपंचायतीचं, आणि तेही बहुधा बंद असतं. दोघांनी तर फळ्यावर कवितेखाली लिहिलेलं 'येथे आपले नाव लिहावे' हेसुद्धा सुबक अक्षरात उतरवलं होतं.

"आकांक्षा," प्रभाकरराव म्हणाले. आकांक्षा पाचवीतली, दोन वेण्या आणि वर्गाचं सगळं राजकारण तिच्याकडे. "तुझे बाबा ऑफिसला जातात?"

"नाई सर. पुण्याले कंपनीत हाये. मायबी तिथंच हाये. मी आबाजी आन् आत्यापाशी राह्यतो."

"मग हे खोटं कशाला लिहिलं?"

"फळ्यावर व्हतं ना सर."

एकतीस वर्षं त्यांनी स्वतःच शिकवलं होतं, की फळ्यावरचं उतरवून घ्या.

"बरं. आता फळ्यावरचं नको. आपापल्या घरचं लिहा. घरात जे आहेत ते."

मग मागून विक्कीनं हात वर केला. "सर, आमच्या घरचं चालते का? चित्रातल्यासारकं नाई हाये आमचं."

"चालतं."

"आमाले बाबा दोन हायेत. दोनी लिहू?"

"दोन्ही लिही."

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. विक्कीनं लिहिलं होतं:

मले बाबा दोन हाये,
एक सेलूले, एक घरी.
सेलूचा म्हनते, सायकल देतो,
घरचा डबल सीट नेते भारी.

अपेक्षा मामाकडे राहायची. तिची आई पुलगावला कामाला. तिनं लिहिलं होतं:

मामी म्हनते, पोरगी माही,
माय फोनवर म्हनते, माही.
दोघी भांडल्या का मी हासतो,
मले कोनतीच सोडाची नाई.

आणि सोनम उईके, जी वर्षभरात वर्गात चार शब्द बोलली असेल, तिनं लिहिलं होतं:

आजी बोलते गोंडीमंदी,
बाबा बोलते मराठी,
टीव्ही बोलते हिंदीमंदी,
बकरी आयकते सगळ्यांसाठी.

प्रभाकररावांनी लाल पेन उघडलं. मात्रा चुकल्या होत्या. शुद्धलेखन तर विचारूच नका. बाकी काही चुकलं नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि 'ढगाला खिसे दोन' आठवून त्यांना जरा कसंसंच झालं. त्या अख्ख्या पुस्तकात एकाही घरी बकरी नव्हती.

"सर," आकांक्षा म्हणाली, "आमी साऱ्यायनं लिवलं. तुमच्या घरचं कुठं हाये?"

"माझं कशाला? स्पर्धा मुलांची आहे."

"नमुना तं तुमीच देल्ला व्हता. त्याच्यात ताई व्हती, कॉलेज व्हतं. तुमच्या घरी तं आजी हाये आन् चंपा हाये." ती थांबली. पुढचा प्रश्न तिला खरंच पडला होता, हे तिच्या कपाळावरून दिसत होतं. "सर, सासू म्हंजे बायकोची माय ना? मंग काकू तं नाई आता. मंग आजी तुमची कोण लागते?"

सतरा चेहरे वर झाले. चंद्रभानकाकांच्या पंगतीनंही एवढ्या एकमतानं मान वर केली नसेल.

प्रभाकररावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि प्रश्न विचारणारी सगळी सभा खिचडीकडे धावली. प्रभाकरराव मात्र रिकाम्या वर्गात बराच वेळ बसून राहिले. चित्रातले सगळे दात त्यांच्याकडे पाहत होते.

---

भुलाबाईचे दिवस होते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर गावातल्या पोरी रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी जमतात, मातीच्या भुलाबाई-भुलोजीसमोर टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरची बाई झाकलेला डबा हलवून विचारते, ओळखा खिरापत. गोड का तिखट इथपासून सुरुवात होते आणि ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही.

त्या संध्याकाळी लांबून टिपऱ्या ऐकू येत होत्या. रुख्माबाई तांदूळ निवडत होत्या. पिशवी त्यांनी आधीच भरून खुंटीला लावली होती. आल्या तेव्हाचीच पिशवी, दोनच लुगडी.

"चंपे," त्या म्हणाल्या, "कुंदा लहान असतानी सेलूच्या घरी महिनाभर पोरी यायच्या. म्या अशी अशी खिरापत करो, का एकीलेबी वळखू येऊ नाई. या घरी काई भुलाबाई आली नाई कधी. पोरगी नसलेल्या घरी येत नाई ते." जरा वेळ नुसते तांदूळ वाजले. "जायच्या आधी एक डाव आली असती तं. जाऊ दे. तुले काय समजते."

चंपाला समजलं की नाही ते ठाऊक नाही. ओसरीवरच्या पेपराचं पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रभाकररावांनी आकांक्षाला व्हरांड्यात गाठलं. मुख्याध्यापकांसमोरही त्यांनी कधी इतकं अवघडून अर्ज केला नव्हता. "ते तुमची भुलाबाई... कोजागिरीला आमच्याकडे आणता का?"

आकांक्षानं डोळे बारीक केले. "तुमच्या घरी पोरगी कुठं हाये?"

"नाही. म्हणूनच विचारतो."

"येतो. पण मंग खिरापत तुमी वळखाची. ज्या घरी पोरगी नाई, त्या घरचा मानूस वळखते. आन् जिनं केली तिलेच विचाराचं. दुसऱ्या कोणाले नाई."

"ही रीत कधीपासून आहे?"

"आत्तापासून," आकांक्षा म्हणाली.

प्रभाकरराव "बरोबर आहे" म्हणाले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चंपाला सांगितलं, की कोजागिरीला पोरी येणार आहेत, असं म्हणावं. रात्रीच्या भाकरीला त्या दिवशी पापुद्रा असा सुटला होता, की त्यांनी एक जास्त खाल्ली.

---

कोजागिरीला ओमप्रकाश दुपारी चारलाच आला. वाईट माणूस नव्हता. येताना भाऊजींसाठी संत्र्याची बर्फी घेऊन आला आणि दारातच जीभ चावून म्हणाला, "अरे, तुमाले शुगर हाये नाई का. विसरलोच." बर्फी टेबलावर तशीच राहिली. चार वर्षांपूर्वी प्रभाकररावांच्या रक्तात साखर निघाली, तेव्हापासून या घरात गोडाचा डबा नव्हता.

"पाच वाजता निंगू माय," ओमप्रकाश म्हणाला. "अंधाराच्या आत बुटीबोरी पार झाली म्हंजे बरं."

"चंपे, भुलाबाई येऊन राह्यली म्हनाव," रुख्माबाई म्हणाल्या. पोटच्या मुलाशी त्या थेट बोलत असत, पण आज सवयीनं त्यालाही मांजरीमार्फतच उत्तर मिळालं. ओमप्रकाशनं गोंधळून चंपाकडे पाहिलं. चंपानं पाय चाटला.

दिवस कलला तशी भुलाबाई आली. पुढे आकांक्षा पाट घेऊन, पाटावर मातीच्या भुलाबाई-भुलोजी, मांडीवर गणपती. मागे ज्वारीचे पाच धांडे खांद्यावर घेतलेली सोनम, मग बाकीच्या पोरी, आणि 'आमी फक्त पाह्यले आलो' म्हणणारी सहा पोरं. अंगणात धांड्यांचा मांडव झाला. टिपऱ्या निघाल्या. पहिल्याच ठोक्याला चंपा उडी मारून कौलांवर गेली आणि तिथून कोणाच्यातरी वाडीत दिसेनाशी झाली.

घरातला दुभाषी गेला. प्रभाकरराव ओसरीच्या एका टोकाला, रुख्माबाई पदर पुढे ओढून दुसऱ्या टोकाला, मधल्या खुर्चीवर ओमप्रकाश घड्याळ पाहत.

नेहमीची गाणी झाली. मग आकांक्षा म्हणाली, "आता आमचं नवं," आणि सोनमकडे पाहिलं. वर्षभरात चार शब्द बोललेली सोनम मोठ्यानं सुरू झाली:

चाल वं भुलाबाई, दाखोतो गाव,
कोनाच्या घरी कोन, आयकून नाव.

माह्या घरी आबाजी, आत्या घालते वेणी,
माय-बाप मोबाइलमंदी, चार्जिंग ठेवा कोणी!

हे आकांक्षानं म्हटलं, आणि शेवटची ओळ दोनदा म्हटली, दुसऱ्यांदा जरा हळू.

उईकेच्या अंगणात मानसं मोजली बारा,
तेराव्या त्या बकरीनं खाल्ला सारा चारा.

ओमप्रकाश हसला. घड्याळावरचा हात त्यानं काढला. टिपऱ्या जरा जपून वाजू लागल्या. सगळ्या पोरी आता ओसरीकडे तोंड करून होत्या.

सरच्या घरी दोघं जनं, तिसरी मांजर चंपा,
आजी सरची कोण लागे? आमाले पडली शंका.
शाळेमंदी विचारलं तं घंटी वाजून गेली,
आजी वं आजी, तूच सांग, पाटी कोरी राह्यली.

टिपऱ्या थांबल्या. रुख्माबाईंचा पदर थोडा हलला. प्रभाकरराव चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"खिरापत!" विक्की ओरडला. पाहायला आलेल्यांना भूक आधी लागते.

रुख्माबाई आत जाऊन मोठा डबा घेऊन आल्या. झाकणाला फडकं घट्ट बांधलेलं, वास यायला नको म्हणून. सेलूची जुनी विद्या. त्यांनी डबा हलवला. आतून अगदी हलका आवाज आला, वाळल्या पानांवरून कोणी चाललं तर येईल तसा.

"सर, वळखा!"

प्रभाकरराव सवयीनं जमिनीकडे पाहत म्हणाले, "चंपे, लाडू आहेत का म्हणा—"

"चंपा नाई हाये सर!" सगळ्या एकदम ओरडल्या. "आजीले विचारा! आजीलेच विचाराचं!"

प्रभाकररावांनी मान वर केली. समोर पदर होता, पदराखाली हनुवटी दिसत होती. एकतीस वर्षं शिकवलेल्या माणसाचा आवाज पहिलीतल्या पोरासारखा आला. "लाडू आहेत का?"

पोरी डब्याकडून पदराकडे पाहू लागल्या.

"नाई," रुख्माबाई म्हणाल्या.

ओमप्रकाश खुर्चीत ताठ झाला. या दोघांचं बोलणं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं.

"मग चिरोटे?"

"नाई."

"साखरफुटाणे? बत्तासे?"

"नाई. नाई."

"अनारसे?"

"कोजागिरीले अनारसे कोन करते?" रुख्माबाई म्हणाल्या, आणि बोलून गेल्याचं लक्षात येऊन पदर आणखी पुढे ओढला. पोरी खिदळल्या.

प्रभाकररावांनी लहान मुलांना आवडतील असे सगळे पदार्थ सांगून पाहिले. कवी असल्यामुळे ते सगळे गोड होते. प्रत्येकाला 'नाई' मिळत गेलं. मग ते थांबले. टेबलावर ओमप्रकाशची बर्फी दिसत होती, न उघडलेली. आणि त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. चार वर्षांत या घरात साखरेचा एक दाणा शिजला नव्हता. दिवाळीलाही नाही. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटायचं, म्हातारीला गोड आवडत नसावं. ही बाई सतरा पोरांसाठी खिरापत करायला बसली, तरी जे आपल्याला खाता येणार नाही ते करायची नाही.

"तिखट आहे," ते म्हणाले.

पदराखालची हनुवटी किंचित वर झाली. "व्हय."

"मैद्याचं नाही. मला मैदा चालत नाही."

"नाई."

आवाज हलका. वाळल्या पानांचा. "ज्वारीच्या लाह्या," प्रभाकरराव म्हणाले. "लसूण घालून. चिवडा केला आहे."

रुख्माबाईंनी फडक्याची गाठ सोडली. लसणाचा वास अंगणभर झाला आणि पोरी डब्यावर तुटून पडल्या. पहिली मूठ मात्र रुख्माबाईंनी वाटीत काढून ओसरीच्या त्या टोकाला सरकवली. मध्ये कोणी नव्हतं, म्हणून स्वतःच.

---

चांदणं पडलं. पोरी पाट उचलून निघाल्या. ओमप्रकाश उठला, त्यानं खुंटीवरची पिशवी घेतली आणि अवघडून म्हणाला, "चाल माय. अंधार झालाच."

रुख्माबाईंनी पिशवी त्याच्या हातातून स्वतःच्या हातात घेतली. चपला घातल्या. दाराशी गेल्या आणि तिथं उभ्या राहिल्या. जात नव्हत्या, मागेही वळत नव्हत्या. फाटकातून बाहेर पडलेल्या पोरीही पाट धरून तिथेच थबकल्या.

प्रभाकररावांना ठाऊक होतं, की हा वेळ पुन्हा त्यांच्या वाट्याचा आहे. मागच्या वेळी त्यांनी 'बरं' म्हटलं होतं. त्यांनी शब्द शोधला. बेचाळीस छापील कवितांचा माणूस. यमकं सगळी आली, शब्द एक येईना. नाती सगळी शोधून झाली, त्यांतलं एकही इथे बसेना. चंपा नव्हती. कुंदा नव्हती. समोर एक थकलेली बाई हातात पिशवी घेऊन उभी होती, आणि कोणीतरी सांगितल्याशिवाय ती उभीच राहिली असती.

ते सरळ तिच्याकडे पाहत म्हणाले, "बसा."

रुख्माबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोक्यावरचा पदर होता तिथेच होता, नजर मात्र खाली नव्हती. मग त्यांनी चपला काढल्या, ओसरीच्या पायरीवर टेकल्या आणि पिशवी मांडीवरून काढून बाजूला ठेवली.

ओमप्रकाश दोघांकडे पाहत राहिला. त्याला एवढंच कळलं, की आत्ता इथं काहीतरी ठरलं आणि त्याला त्यात मत नव्हतं. "म्हंजे येत नाई का तू?"

"सर म्हनून राह्यले ना, बसा म्हनून," फाटकातून आकांक्षानं खुलासा केला.

ओमप्रकाशही पायरीवर बसला. जरा वेळानं म्हणाला, "पन माय, चंद्रभानकाकाले काय सांगू मी?"

"सांगजो," रुख्माबाई म्हणाल्या, "जवाई सोडत नाई म्हनाव."

ओमप्रकाशनं हे वाक्य मनात दोनदा घोळवलं. पंगतीत सांगायला बरं होतं. जिलबी उतरली असती. "हे बरं हाये," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अशी काही सुटका होती, की चौथ्या मजल्यावरची लिफ्ट बहुधा बंदच असावी.

"दिवाळीले येईन नागपूरले," रुख्माबाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांसाठी."

या बाईंचे पंधरा दिवस प्रभाकररावांना माहीत होते.

"आठ," ते म्हणाले.

"बरं, आठ," रुख्माबाई म्हणाल्या.

सोमवारी सतरा कविता तालुक्याला गेल्या. मात्रा न सुधारता. फळ्यावरचा नमुना प्रभाकररावांनी स्वतः पुसला.

चंपा मंगळवारी पहाटे परत आली, कान फाटलेला, तोरा तोच. रुख्माबाई गॅसपाशी होत्या. प्रभाकरराव ओसरीवर पेपर घेऊन. दोघांनाही आता थेट बोलता येत होतं; त्यात काही अडचण उरली नव्हती. रुख्माबाईंनी मांजरीकडे पाहिलं, ओसरीकडे पाहिलं, जरा विचार केला.

"चंपे," त्या म्हणाल्या, "चहा झाला म्हनाव."

इतक्या वर्षांची नोकरी. अशी एकाएकी काढून कशी घेणार?

"चंपे," प्रभाकरराव म्हणाले, "आलो म्हणावं," आणि पेपर खाली ठेवून उठले.